अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नव्या कार्यकर्त्याला

पहिल्याच सभेत कुणीतरी विचारेल, "देव आहे की नाही?" घाईने "नाही" म्हणू नकोस. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवून वर पाणी शिंपडलं की जाळ होतो. बुवाचा हा 'चमत्कार' आपण करून दाखवला की त्याची लबाडी उघडी पडते, देव नसल्याचं सिद्ध होत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा अघोरी प्रथांना आळा घालतो, श्रद्धेला हात लावत नाही. मी तरी एवढंच सांगतो: मला अजून पुरावा मिळालेला नाही, उद्या मिळाला तर तपासेन आणि पटला तर मान्य करेन. आणि कुणी वारीबद्दल बोलू लागलं की मध्ये तोंड घालू नकोस, नीट ऐक. आमच्या गावच्या माळकरी आजीनं माझं हे उत्तर ऐकून डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवलं आणि तासभर माझ्याशी बोलत बसली.