एक आलेख निवडा आणि त्याच्यासोबत उभे राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात. बियाणं आधी भिजवून ठेवलं तर खारट पाण्यात त्याची उगवण सुधारते का, हे वर्षभर तपासलंत. प्रत्येक गटात ४ पेट्री प्लेट, प्रत्येक प्लेटमध्ये २५ बिया. विद्यापीठाच्या संशोधन परिसंवादात निवड झाली आहे. एक दिवस १२ मिनिटं बोलायचं आहे, दुसऱ्या दिवशी तेच काम पोस्टरवर मांडायचं आहे. मार्गदर्शक म्हणतात, केलेलं सगळं दाखवा. तुम्हाला मात्र ठळक फरक न मिळाल्यामुळे दाखवायला काहीच नाही असं वाटतंय, आणि प्रश्नांची धास्ती आहे.

अशा परिसंवादांत मी श्रोत्यांमध्येही बसले आहे आणि परीक्षकांच्या बाकावरही. माझं मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. वर्षभराच्या कामातून एकच आलेख निवडा, ज्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे तो. त्यावरचा प्रत्येक ठिपका कुठल्या प्लेटचा, कुठल्या दिवशी मोजलेला, हे वही न उघडता सांगता यायला हवं. भाषण असो की पोस्टर, समोरच्या माणसाला त्या आलेखापर्यंत आणायचं आणि तिथे थोडा वेळ थांबवायचं, एवढंच तुमचं काम आहे.

मार्गदर्शकांचा आग्रह मी समजू शकते. विद्यार्थ्याची मेहनत दिसावी असं त्यांना मनापासून वाटतं. पण सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी अर्थशास्त्राचं असेल, कोणी भौतिकशास्त्राचं, कोणी साहित्याचं. आठ आलेख दाखवलेत तर त्यांच्या लक्षात एकही राहणार नाही. बाकीचे आलेख फेकू नका. शेवटच्या स्लाइडनंतर राखीव स्लाइड म्हणून ठेवा आणि प्रश्न आला की त्यातली नेमकी उघडा. मार्गदर्शकांनाही हे असंच सांगा: सगळं काम सोबत आहे, फक्त मागितल्यावर दाखवायचं आहे. बहुतेकांना हे पटतं.

आता ‘काहीच मिळालं नाही’ याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सादरीकरणाचा जीव याच भागात आहे. मायकेलसन आणि मॉर्ली या भौतिकशास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये ‘ईथर’ या कल्पित माध्यमामुळे प्रकाशाच्या वेगात फरक पडतो का हे शोधलं, तो फरक त्यांना अपेक्षेप्रमाणे सापडला नाही, आणि तरीही तो प्रयोग भौतिकशास्त्राच्या इतिहासात मानाने सांगितला जातो. कारण उपकरण इतकं बारकाईचं होतं की परिणाम असता तर तो दिसायलाच हवा होता. तुमच्या कामाला हाच प्रश्न लावा: भिजवण्याने खरंच फायदा होत असता, तर तो तुमच्या प्रयोगात दिसला असता का?

याचे दोन भाग आहेत. पहिला मिठाचा. साध्या पाण्यातल्या बियांची उगवण आणि खारट पाण्यातल्या न भिजवलेल्या बियांची उगवण शेजारी ठेवून बघा. मिठाने उगवण जेमतेम दोन-तीन टक्क्यांनीच घटली असेल, तर सुधारणेला जागाच नव्हती. उलट मीठ इतकं तीव्र असेल की जवळजवळ काहीच उगवलं नाही, तर भिजवण्याने तरी काय वाचवायचं? मधल्या पट्ट्यातली तीव्रता असेल तरच तुमच्या ‘फरक दिसला नाही’ला वजन येतं. म्हणून साध्या पाण्याचा गट मुख्य आलेखातच हवा. पुष्कळ विद्यार्थी तो गट नेमका वगळतात, कारण त्यांना तो उघडच वाटतो.

दुसरा भाग नमुन्याचा. ४ गुणिले २५ म्हणजे १०० बिया, म्हणून नमुना १००, असं तुम्ही लिहिलं आहे. जाणकार परीक्षक सगळ्यात आधी इथेच बोट ठेवेल. एका प्लेटमधल्या २५ बियांना तेच पाणी, तोच कागद, तोच कोपरा मिळतो. त्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. तुमचा नमुना ४ आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या गफलतीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, हे नाव दिलं आणि परिसंस्थाशास्त्राच्या छापून आलेल्या कामातही ती किती पसरली आहे हे दाखवलं, तेव्हा यात शरमेचं काही नाही. मात्र परिसंवादाच्या आधी गणित पुन्हा करा.

ते करताना काय होईल ते एका काल्पनिक आकड्याने सांगते. समजा भिजवलेल्या गटाची उगवण सरासरी ६ टक्क्यांनी जास्त आहे आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) ५ आहे. दोन्ही गटांत ४-४ प्लेट म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम (एकूण प्लेटमधून गटांची संख्या वजा करून) ६; प्रमाण त्रुटीला गुणायचा सवयीचा १.९६ हा आकडा इतक्या लहान नमुन्याला चालत नाही, २.४५ घ्यावा लागतो. म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता धरतात तो) साधारण उणे ६ पासून अधिक १८ पर्यंत जातो. यात थोडं नुकसानही बसतं आणि भरघोस फायदाही बसतो. अशा वेळी ‘भिजवण्याचा परिणाम होत नाही’ हे वाक्य चुकीचं ठरतं. ‘आमच्या प्रयोगातून फायदा सिद्ध झाला नाही, पण १८ टक्क्यांपर्यंतचा फायदा नाकारताही येत नाही’ हे वाक्य बरोबर आहे. ते ठामपणे म्हणा. हे वाक्य जो विद्यार्थी स्वतःहून म्हणतो, त्याच्याकडे मी पेन खाली ठेवून बघते.

आलेख काढताना सरासरीचे जाड खांब काढू नका. गटात चारच प्लेट आहेत, तर चारही ठिपके दाखवा आणि सरासरीची एक आडवी रेघ मारा. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच मोजपट्टीवरच्या जागांची तुलना डोळा सगळ्यात अचूक करतो. कोन आणि क्षेत्रफळ यांत तो जास्त चुकतो. म्हणून वर्तुळालेख तर नकोच. एरर बार, म्हणजे सरासरीच्या वर-खाली काढलेली पट्टी, दाखवणार असाल तर ती प्रमाण विचलनाची (प्लेट एकमेकींपासून किती विखुरल्या आहेत त्याची), प्रमाण त्रुटीची की कॉन्फिडन्स इंटरव्हलची हे आलेखाखाली लिहा. चार प्लेट असताना प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या बरोबर निम्मी येते, त्यामुळे न लिहिलेली पट्टी वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल करते. लाल आणि हिरवा ही जोडी टाळा. बऱ्याच पुरुषांना या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. निळा आणि नारिंगी चालतात, आणि ठिपक्यांचे आकारही वेगळे ठेवा.

१२ मिनिटांत प्रश्नोत्तरं धरली आहेत का, हे आयोजकांना आजच विचारा. धरली असतील तर बोलायला ९ मिनिटंच आहेत असं समजा. पहिल्या मिनिटात प्रश्न सांगून टाका: खारट पाण्यात बी का अडतं आणि भिजवल्याने काय बदलेल अशी अपेक्षा होती. संदर्भांचा इतिहास, जगभरातली क्षारपड जमीन, विभागाची ओळख यात तीन मिनिटं गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत, आणि मग मुख्य निष्कर्षाच्या वेळी अध्यक्ष घंटा वाजवतात. पद्धत दीड मिनिटात सांगा. आलेख आला की आधी आडवा अक्ष काय, उभा अक्ष काय, एक ठिपका म्हणजे काय, हे सांगा आणि मग क्षणभर गप्प राहा. लोकांना बघायला वेळ लागतो. शेवटी ‘धन्यवाद’ लिहिलेली स्लाइड नको. मुख्य आलेख आणि त्याखाली निष्कर्षाचं वाक्य पडद्यावर राहू द्या, म्हणजे प्रश्न त्यावरच येतील.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा. एकदा तरी तुमच्या विषयाबाहेरच्या मैत्रिणीसमोर किंवा भावासमोर करा आणि संपल्यावर त्यांना फक्त एवढंच विचारा: मी काय शोधत होते किंवा होतो, आणि काय सापडलं? त्यांचं उत्तर तुमच्या वाक्याशी जुळलं नाही, तर दुरुस्ती भाषणात करायची. पाठ करायची असतील तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य. मधलं आलेखाकडे बघून बोला.

पोस्टरबद्दल फार सांगत नाही. आकार आणि उभं की आडवं हे आधी नक्की करा. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण फलक तेवढा मोठा असेलच असं नाही. मजकूर ४०० शब्दांच्या आत ठेवा आणि अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. शीर्षकाच्या जागी निष्कर्षाचं वाक्य लिहिलंत तर चालता चालता थांबणाऱ्यालाही ते मिळतं. आलेख पडद्यावरून कापून चिकटवू नका: १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ४० सेंटिमीटरवर ताणलं की इंचाला जेमतेम ७६ पिक्सेल उरतात आणि अक्षरं फुटतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढला तिथूनच तो पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून घ्या. पोस्टरसमोर कोणी आलं की आधी त्यांचा विषय विचारा, मग एका मिनिटात सांगा; त्यांना हवं असेल तर ते आणखी विचारतील.

प्रश्नांची धास्ती कमी करायचा मला माहीत असलेला एकच उपाय म्हणजे ते आधी स्वतः लिहून काढणं. नमुना इतका लहान का? हीच तीव्रता का निवडली? बिया किती तास भिजवल्या आणि नंतर वाळवल्या का? उगवण झाली हे कशावरून ठरवलं, मूळ किती मिलिमीटर दिसल्यावर? मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे माहीत होतं का? हा शेवटचा प्रश्न फार थोड्यांना सुचतो, पण सुचला तर तो खोलवर जातो. माहीत होतं असेल तर तसंच सांगा आणि पुढच्या वेळी प्लेटवर फक्त सांकेतिक क्रमांक टाकू म्हणा.

प्रश्न आला की तो एका वाक्यात परत म्हणा. मागच्यांना ऐकू येतो आणि तुम्हाला विचार करायला दोन क्षण मिळतात. उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही मोजलेलं नाही, मोजायचं झालं तर असं मोजता येईल’ एवढं बोला. अंदाजाला माहितीचा मुलामा देऊ नका. परीक्षकांना ते लगेच कळतं, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही. मार्गदर्शक सभागृहात असतील तर त्यांना आधीच नम्रपणे सांगा की उत्तरं मला देऊ द्या, सर किंवा मॅडम, मी अडखळले तरी. हे तुम्हाला अवघड वाटेल, पण सांगाच.

दोन गोष्टी आधी मिटवून घ्या. प्रयोगात ज्यांनी हात लावला त्यांची नावं कुठे येणार हे ठरवा, आणि अप्रकाशित माहिती दाखवायला मार्गदर्शकांची स्पष्ट परवानगी घ्या. भिजवण्याच्या द्रावणात काही नवीन असेल आणि पेटंटचा विचार चालू असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे. अर्जाआधी जाहीर मांडणी झाली की पुष्कळ देशांत तो हक्क जातो. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, युरोपात ती जवळजवळ नाहीच. तसेच, सारांश पाठवताना ‘फायदा दिसतो’ असं लिहिलं असेल आणि आता गणित बदललं असेल, तर सुरुवातीलाच सांगा की सारांशानंतर विश्लेषण पुन्हा केलं आणि निष्कर्ष बदलला.

पोस्टरच्या दिवशी खिशात छोटी वही ठेवा. जो प्रश्न दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारला त्याखाली रेघ मारा. संध्याकाळी ती पानं घेऊन मार्गदर्शकांसोबत बसा आणि पुढच्या फेरीत प्लेट किती आणि मिठाच्या तीव्रता कोणत्या, हे त्यावरून ठरवा. ज्यांनी नेमका प्रश्न विचारला त्यांना दोन ओळींचा मेल पाठवून आलेख जोडा; अशा मेलला उत्तर बऱ्याचदा येतं, आणि कधीकधी त्यांच्या प्रयोगशाळेत येऊन बघण्याचं बोलावणंही.