गाडीत शेजारी कोण येईल?

“गाडीत शेजारी कसलं माणूस येईल, काही सांगता येतं का मॅडम?” समुपदेशक म्हणून काम करताना पन्नाशी ओलांडलेल्या बायकांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. तिकीट काढण्यापासून हमाल ठरवण्यापर्यंत सगळं ज्यांच्या नवऱ्याने केलं आणि आता तो नाही, अशा बायकांकडून तर हमखास. मुलं म्हणतात, “आई, ये ना चार दिवस.” आई म्हणते, “बघू.” त्या ‘बघू’त वर्षं निघून जातात. घरच्यांना वाटतं, चोरांची भीती असणार. म्हणून तेही त्याच अंगाने समजूत घालतात. स्टेशनवर कॅमेरे आहेत, तुझ्यापाशी मोबाईल आहे, मग घाबरायचं कशाला? समजूत पटते, पण पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाही.

अशाच एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नाव न देता त्यांना नुसतं काकू म्हणते.

काकू कोल्हापूरच्या. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. अकोल्याच्या धाकट्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याजवळ राहायला जावं असं काकूंना मनापासून वाटत होतं. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून थेट अकोल्याला जाते, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. तरी तीनदा काढलेलं तिकीट त्यांनी रद्द केलं. भाचा म्हणाला, मी न्यायला येतो. त्यालाही नको म्हणाल्या. शेवटी मुलीने माझ्याकडे आणलं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला पेपरातल्या बातम्याच सांगितल्या. बिस्किटात गुंगीचं औषध घालतात, झोपलेल्या बाईच्या गळ्यातलं ओढतात. यातलं काहीच मी खोडून काढलं नाही. असे प्रकार होतात, आणि अनोळखी माणसाकडून खाण्यापिण्याचं काही घेऊ नका असं रेल्वे स्वतःच बजावते. खऱ्या धोक्याला ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणणारा समुपदेशक पहिल्याच दिवशी विश्वास गमावतो. मी एवढंच विचारलं, “तुमच्या बाबतीत असं काही झालंय का?”

“नाही हो. मला कधी कुणी त्रास दिला नाही.”

दुसऱ्या भेटीत एक वेगळीच गोष्ट निघाली. मागच्या मे महिन्यात त्या कराडहून एका लग्नावरून एसटीने एकट्याच परतत होत्या. गाडी खच्चून भरलेली, उभ्याने प्रवास, वर ऊन. पेठ नाक्याच्या आसपास त्यांना घेरी आली. बाजूच्या सीटवरची कॉलेजची मुलगी उठून उभी राहिली. “काकू, तुम्ही बसा,” म्हणाली आणि न फोडलेली पाण्याची बाटली पुढे केली. काकू म्हणाल्या, “नको, बरी आहे मी.” मुलीने पुन्हा म्हटलं, कंडक्टरनेही म्हटलं. काकू किणीच्या टोलनाक्यापर्यंत दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे अंधारी येत होती तरी.

“मुलगी वाईट वाटली का तुम्हाला?”

“छे! गुणाची पोर होती. कळत होतं मला.”

“मग?”

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “एकदा पाणी घेतलं की बोलावं लागतं. बोललं की ती विचारणार, कुठं राहता, घरी कोण असतं. नंबर मागितला तर? जिचं पाणी प्यालो तिला नाही कसं म्हणायचं? एकदा हो म्हटलं की मग थांबायचं कुठं?”

माझ्या मते सगळी अडचण या एका वाक्यात होती. समोरचा माणूस चांगला की वाईट हे काकूंना बऱ्यापैकी ओळखता येत होतं. पण एकदा सुरू झालेलं बोलणं आपल्याला हवं तिथे थांबवता येईल, याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी दार कुणालाच उघडलं नाही. चोराला नाही, आणि पाणी देणाऱ्या पोरीलाही नाही.

मी विचारलं, “आयुष्यात कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर तुम्ही काय करत होता?” त्या पटकन म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते, म्हणायची.” दारावर वर्गणी मागणारे, उसने पैसे मागणारी जाऊ, विम्याचा एजंट, सगळ्यांना हेच एक उत्तर. किती सभ्य नकार होता तो! कुणी दुखावत नसे, आणि नाही म्हटल्याचं ओझंही डोक्यावर येत नसे. यजमान गेले आणि त्यांच्याबरोबर हे वाक्यही गेलं. एकट्या राहिलेल्या बाईच्या हातून अशा कितीतरी लहान सोयी जातात. आपण मात्र तिला पेन्शनचे कागद तेवढे नीट आहेत ना विचारतो.

त्यामुळे प्रवासाची तयारी आम्ही नकारापासून केली. मी सहप्रवासी व्हायचे आणि त्या मला अडवायच्या. “चिवडा घ्या ना, घरचा आहे.” सुरुवातीला त्या उपास आहे, पोट बिघडलंय अशी कारणं देत. पण कारणाला समोरून उत्तर येतं. उपास असेल तर केळं पुढे येतं. मग आम्ही एकच वाक्य पक्कं केलं, “प्रवासात मी बाहेरचं खात नाही, पण तुम्ही खा हो निवांत.” कारण नाही, माफी नाही, आवाजात कडूपणाही नाही. घरी कोण असतं असं विचारलं, तर “सगळे आहेत की. तुम्ही कुठं निघालात?” असं म्हणून विषय त्यांच्याकडे वळवायचा.

एका जागी मात्र काकू हटून बसल्या. मी पेढा पुढे करून म्हटलं, “प्रसाद आहे, शेगावचा.” प्रसादाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि तो हट्ट मला पटला. मग त्यांनीच वाट काढली. पेढा घेतला, कपाळाला लावला, रुमालात बांधला आणि पिशवीत ठेवला. “घरी नेऊन देते सगळ्यांना,” म्हणाल्या. त्या भेटीत पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या.

नाही म्हणता यायला लागल्यावर मागण्याकडे वळलो. तिथे दुसरी गाठ होती. “कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत” हे त्यांच्या माहेरचं बाळकडू. त्यांच्या थोरल्या दिरांनी नर्मदा परिक्रमा पायी केली होती. मी त्यावरून विचारलं, “भाऊजी इतके महिने जेवले कुठं?” तर वाटेवरच्या गावांनी जेवायला घातलं. कुठे सदावर्तात पीठ-डाळ मिळाली, कुठे कुणी झोपडीत झोपायला जागा दिली. ‘नर्मदे हर’ म्हणून दारात उभं राहायचं, बस्स. “ते देवाचं काम आहे,” काकू म्हणाल्या. मी म्हटलं, “वाढणारी बाई भाऊजींना ओळखत होती का? तिला त्याचं ओझं झालं असं भाऊजी कधी म्हणाले?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या भेटीला दिरांना फोन करून आल्या होत्या. परिक्रमेतल्या लोकांची आठवण काढताना त्यांचा आवाज भरून आला होता, असं सांगत होत्या.

मदत मागण्याबद्दल मानसशास्त्रज्ञांनी पाहिलेली एक गोष्टही मी त्यांना सांगितली. शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी बागेत अनोळखी माणसांना आपला फोटो काढून द्यायला सांगितलं. मागणाऱ्यांचा अंदाज असा की समोरच्याला त्रास होईल, तो नाइलाजाने तयार होईल. मदत करणाऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं की ते त्या अंदाजापेक्षा जास्त राजी होते आणि त्यांना बरंही जास्त वाटलं होतं. काकूंचं यावर म्हणणं, “मला कुणी रस्ता विचारला तर मलाही बरंच वाटतं की!”

मग प्रत्यक्ष सराव. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारायचं, पुढे एखाद्या बाईला विचारायचं, नंतर एसटीने नृसिंहवाडीला जाऊन यायचं. प्रत्येक वेळी निघण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतंय. परतल्यावर शेजारी लिहायचं, काय झालं. वाडीच्या पानावर डावीकडे लिहिलं होतं, ‘कुणी नीट बोलणार नाही, गाडी चुकेल.’ उजवीकडे, ‘गाडी चुकली. फुलवाल्या मावशींनी दुसरी कधी आहे ते सांगितलं, बसायला पाट दिला.’

या काळात एक गोष्ट मी त्यांच्या मनावर ठसवली, आणि ती मी सगळ्याच बायकांना सांगते. मदत हवी असेल तर स्वतः मागावी, कारण मग माणूस आपण निवडतो. लेकुरवाळी बाई, एखादं कुटुंब, गणवेशातला माणूस. न मागता जो जवळ येतो त्याने आपल्याला निवडलेलं असतं. त्यातले बहुतेक जण त्या कराडच्या मुलीसारखेच असतात, पण तिथे जरा जास्त सावध राहायला हरकत नाही. पर्स आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. मदत चार माणसांत घ्यायची, आडबाजूला जायचं नाही. आणि मनाला काही खटकलं तर भिडेखातर तिथे बसून राहायचं नाही, उठायचं, टीसीला गाठायचं, रेल्वेच्या मदतीचा १३९ नंबर लावायचा. हा नंबर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

काकू अकोल्याला गेल्या. तिकीट घाईत काढल्यामुळे वरचा बर्थ आला होता. (४५ वर्षांपुढच्या एकट्या प्रवास करणाऱ्या बाईसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तो तिकीट काढतानाच बघावा.) समोरच्या तरुणाला त्यांनी बर्थ बदलून मागितला. तो म्हणाला, “काकू, माझ्या पाठीचं दुखणं आहे, मला जमणार नाही.” मला हा प्रवासातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो. त्याने नाही म्हटलं आणि काहीही बिघडलं नाही. थोड्या वेळाने त्याच मुलाने त्यांना टीसीकडे नेलं आणि पुण्यानंतर खालचा बर्थ मिळाला.

तिथे शेजारी बडनेऱ्याला निघालेल्या एक बाई होत्या. सकाळी त्यांनी डबा उघडला, भाकरी-ठेचा पुढे केला. काकूंनी पक्कं केलेलं वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं,” आणि निवांत जेवल्या. पुढे दोघींच्या खूप गप्पा झाल्या. त्याही विधवा. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीबद्दल काकू त्यांच्याशी जे बोलल्या, ते मुलीशीही कधी बोलल्या नव्हत्या. पुन्हा भेट व्हायची नाही अशा माणसापाशी मन हलकं करणं सोपं जातं, कारण त्याच्या डोळ्यांत ते दुःख आपल्याला रोज बघावं लागत नाही.

काकूंची ही अडचण बोलण्या-वागण्याच्या सरावाने सुटण्यासारखी होती. सगळ्यांचं तसं नसतं. गर्दीत छाती धडधडून श्वास अडकत असेल, झोप उडाली असेल, किंवा पूर्वी प्रवासात खरोखरच अतिप्रसंग झाला असेल, तर आधी तज्ज्ञाकडे जावं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते.

परतल्यावर काकू एक शंका घेऊन आल्या. शेगाव मागे पडल्यावर त्या बाईंनी फोन नंबर मागितला होता. काकूंना द्यावासा वाटला नाही. “नंबर राहू दे, पण तुमची आठवण राहील,” असं म्हणाल्या. आता मनाला लागून राहिलं होतं, दुखावल्या असतील का?

“त्यानंतर काय झालं?” मी विचारलं.

“अकोला आलं. गाडी थोडाच वेळ थांबते. मी उतरले, त्यांनी दारातून माझी बॅग खाली दिली. भाचा दिसेना, तर गाडी हलेपर्यंत दारात उभ्या राहून ओरडून विचारत होत्या, आला का गं, आला का?”

“मग दुखावलेली बाई असं करेल का, तुम्हीच सांगा.”

काकूंनी वही उघडली आणि उजवीकडच्या बाजूला ते लिहून घेतलं.