खिशातलं यंत्र कशाला?

प्रश्न : माझा मुलगा पायलट आहे. काड्यापेटीएवढं एक यंत्र कायम खिशात ठेवतो. केबिनमधला दाब उतरला की ते ओरडतं म्हणे. विमानातच तशी सोय नसते का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : असते ताई, मोठ्या विमानांत असतेच. पण १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजच्या विमानात दाब उतरल्याचा भोंगा वाजूनही वैमानिकांना तो दुसऱ्याच बिघाडाचा वाटला. दोन्ही इशाऱ्यांचा आवाज एकच! विमान ग्रीसमध्ये कोसळलं, १२१ माणसं गेली.

प्राणवायू कमी पडला की दुखत-खुपत नाही, उलट मजा वाटते, हीच खरी गोम. हवाई दलात असताना मला कमी दाबाच्या खोलीत बसवून शंभरातून सात-सात वजा करायला लावलं होतं. झकास जमतंय असं वाटत होतं. नंतर कागद बघितला, तर नुसती गिचमीड! ३५,००० फुटांवर शुद्धीत काम करायला जेमतेम अर्धा ते एक मिनिट मिळतं.

मुलाचं यंत्र विमानाच्या तारांवर अवलंबून नाही. आतला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि केबिनमध्ये ठरावीक उंचीइतकी विरळ हवा झाली की वाजतो, थरथरतो. रंकाळ्यावर बसून ते वाजणार नाही. आपलं कोल्हापूर दोन हजार फुटांच्या आतबाहेर.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर चालेल का, हेही विचाराल. जोडीला ठीक, पण गार बोटांवर तो चुकतो. आणि यंत्र प्राणवायू देत नाही हो. वाजलं की आधी प्राणवायूचा मास्क, मग बाकीचं.