छोट्या वर्कशॉपसाठी बेअरिंग, ऑइल सील, नट-बोल्ट ऑनलाइन कॅटलॉगमधून मागवावेत का? चुकीचा माल येऊ नये म्हणून काय पाहावे?

हो, जरूर मागवा. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो आणि आमचा बराचसा किरकोळ माल आता कुरिअरनेच येतो.

दुकानात आपण जुना पार्ट काउंटरवर ठेवतो आणि पुढचं दुकानदार बघून घेतो. कॅटलॉगमधून मागवताना ते काम आपल्या अंगावर येतं, एवढाच फरक आहे. म्हणून फोटो बघून ऑर्डर कधीच देऊ नका. बऱ्याच ठिकाणी अख्ख्या मालिकेला एकच फोटो लावलेला असतो. भरवसा ठेवायचा तो पार्टवरच्या नंबरावर आणि आपण घेतलेल्या मापावर. एक चांगला व्हर्नियर (मापं घ्यायचा कॅलिपर) आणि एक पिच गेज (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासायचं साधन) हाताशी असलाच पाहिजे.

बेअरिंग त्यातल्या त्यात सोपं. ६२०५ मधला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ ही मापाची मालिका, आणि शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मिळतो, २५ मिमी. (पाचाने गुणायचं ते ०४ पासून पुढे, ००, ०१, ०२, ०३ म्हणजे १०, १२, १५, १७ मिमी.) कुठल्याही कंपनीचं ६२०५ घ्या, ते २५ × ५२ × १५ मिमीच (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) भरणार. घोळ होतो तो नंबरानंतरच्या अक्षरांत, कारण ती प्रत्येक कंपनीची वेगळी. दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड असेल तर एसकेएफ २झेड लिहितं, एनएसके झेडझेड. रबरी सीलला एसकेएफचं २आरएस१ किंवा २आरएसएच, एनएसकेचं डीडीयू, एनटीएनचं एलएलयू. पुढे सी३ असेल तर ते अजिबात सोडू नका. सी३ म्हणजे आतली ढील नेहमीपेक्षा जास्त. मोटर तापली की आतली रिंग फुगते, तेव्हा ती ढील कामाला येते. जुन्यावर सी३ असेल तर नवीनही सी३च हवं.

बेअरिंगमध्ये नकली माल फिरतो, हे तुम्हालाही माहीत असेल. भाव फारच कमी दिसला तर अनोळखी विक्रेत्याच्या नादी लागू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत डीलर सापडतात, त्यांच्याकडूनच घ्या. एसकेएफचं तर खोटा माल ओळखायला खास ॲप आहे, त्यावर बेअरिंगचे आणि खोक्याचे फोटो पाठवता येतात.

ऑइल सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसणारी, तेल अडवणारी रिंग. तिच्यावर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा (सील बसतं त्या घराचा) व्यास, जाडी. आकडे पुसले गेले असतील तर सील मोजू नका, शाफ्ट आणि हाउसिंगचा बोअर मोजा. सीलची लिप (शाफ्टला टेकणारी कड) मुळातच शाफ्टपेक्षा थोडी लहान असते आणि बाहेरचा व्यास बोअरपेक्षा किंचित मोठा, त्यामुळे सीलवरून घेतलेलं माप फसवतं. मटेरियलही बघा. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. त्यापुढच्या गरम जागी व्हायटॉन रबर लागतं, महाग असलं तरी.

व्ही-बेल्टचं थोडक्यात सांगतो. बी-५२ म्हणजे बी सेक्शन, म्हणजे १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड बेल्ट, आणि आतली लांबी ५२ इंच. काही कॅटलॉगमध्ये पिच लांबी (बेल्टच्या आतल्या दोऱ्यांच्या रेषेवरची) देतात, ती बी सेक्शनला सुमारे ४० मिमीने जास्त भरते. कोणती लांबी लिहिली आहे ते वाचूनच बटण दाबा. पुलीला तीन-चार खाचा असतील तर सगळे बेल्ट एकदम बदला आणि मॅच सेट (लांबी जुळवलेले बेल्ट) मागा.

नट-बोल्टमध्ये लांबी डोक्याखालून मोजतात, पण काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या) स्क्रूची डोक्यासकट. एम१० चा (१० मिमी व्यासाच्या बोल्टचा) नेहमीचा पिच १.५ मिमी, फाइन १.२५, फाइन हवा असेल तर ऑर्डरमध्ये तसं लिहावंच लागतं. ग्रेड ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती (बोल्ट तुटायच्या आधी सोसतो तो ताण) आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. स्टेनलेसच्या ए२-७० ला हेच आकडे ७०० आणि ४५० आहेत. गंज चढू नये म्हणून ८.८ सारख्या हाय टेन्साइल बोल्टच्या जागी स्टेनलेस बसवायचा मोह पुष्कळांना होतो. भार घेणाऱ्या जागी तो धोका पत्करू नका.

पाइप फिटिंगमध्ये बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) हे दोन आटे सर्वांत जास्त फसवतात. अर्ध्या इंचाच्या फिटिंगला दोन्हींचे आटे इंचाला १४च, म्हणून सुरुवातीचे फेरे छान बसतात. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. टेप कितीही गुंडाळा, गळती राहते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे बीएसपी चालतं. मशीन अमेरिकन असेल तर एनपीटी धरून चाला आणि गेजने खात्री करा.

मापं शिकायची असतील तर मॅकमास्टर-कार या अमेरिकन कंपनीचं संकेतस्थळ उघडून बसा. १९०१ साली शिकागोत सुरू झालेली ही कंपनी जाडजूड पिवळ्या कॅटलॉगसाठी ओळखली जाते. जवळपास प्रत्येक वस्तूचं मापांसह ड्रॉइंग तिथे फुकट बघता येतं. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी तेच दाखवतो. मात्र इंचातला माल बराच आहे, तेव्हा मिमीचा विभाग निवडा.

ऑर्डर देताना भाव एका नगाचा आहे की शंभराच्या पाकिटाचा ते वाचा, आणि जीएसटी नंबर टाकायला विसरू नका, नाहीतर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जाईल. मापानुसार बनवून घेतलेला माल सहसा परत घेत नाहीत. बाकीचा माल घेतात, पण पाकीट फोडलेलं नसेल तर. म्हणून आधी पाकिटावरचा नंबर आपल्या ऑर्डरशी ताडून बघा आणि मगच फोडा.

आणि गावातल्या दुकानदाराशी संबंध तोडू नका. मशीन रात्री बंद पडलं तर शटर उघडून बेअरिंग देणारा तोच असतो. रोज लागणारे चार-पाच नंबर त्याच्याकडूनच घेत जा आणि त्याच्याकडे मिळत नाही तेवढंच कॅटलॉगमधून मागवा.