ग्रुप सोडण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकायचं ठरवलंयस आणि "मग तुला कळणार कसं?" असं मित्रांनी विचारल्यापासून जीव खालीवर होतोय, असं लिहिलंस. ही काळजी क्षुल्लक आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. भेटायचं कुठे, वेळ का बदलली, कुणाचं काय बिनसलंय, सगळं ग्रुपवरच ठरतं आणि कळतं. जो तिथे नाही त्याला मुद्दाम कुणी वगळत नाही, वेगळा निरोप द्यायचा तेवढा राहून जातो. असं चारदा झालं की "तो काय, येतच नाही" असं धरून चालतात.

अमेरिकेत याचं टोक पाहायला मिळतं. आयफोनवरून आयमेसेजने, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेने, पाठवलेला निरोप निळ्या चौकटीत दिसतो आणि अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला हिरव्या. त्या हिरव्या रंगावरून मुलं एकमेकांना हिणवतात, ग्रुपमध्ये घ्यायचं टाळतात. मार्च 2024 मध्ये तिथल्या न्याय खात्याने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा किशोरवयीन मुलांना सोसाव्या लागणाऱ्या या हेटाळणीचाही त्यात उल्लेख केला. त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅपलने आरसीएसची, म्हणजे एसएमएसच्या जागी आलेल्या नव्या मेसेज पद्धतीची, सोय दिली, फोटो नीट जाऊ लागले. रंग मात्र हिरवाच राहिला! फोन कुठल्याही कंपनीचा असो, तो दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर लागतो. मेसेजिंग अ‍ॅपचं तसं नाही, आणि त्याची किंमत तुझ्यासारखी मुलं मैत्रीत मोजतात. याचा मला मनापासून राग येतो.

आता तुझं कारण तपासून घे. खाजगीपणासाठी टेलिग्रामवर जायचं म्हणतोस, पण तिथल्या साध्या गप्पांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणालाच, कंपनीलाही, निरोप वाचता येऊ नये अशी सोय नसते. ते फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये मिळतं, आणि ग्रुपला तर नाहीच. व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून ते आपोआप आहे, तेही सिग्नल नावाच्या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपच्या तंत्रावर. प्रश्न आहे तो कोण कुणाशी, कधी बोलतं या माहितीचा. ती सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. म्हणजे कारण हेच असेल, तर सिग्नल बरं.

जायचंच असेल तर ग्रुपवर लांबलचक निवेदन टाकू नकोस. ते वाचून, जे राहिलेत त्यांना आपण कुठेतरी चुकतोय असं वाटतं, आणि मग वाद अ‍ॅपचा न राहता माणसांचा होतो. ज्यांच्यावाचून तुझं अडतं अशा दोघा-तिघांशी बोल. त्यांना अ‍ॅप बदलायला लावू नकोस. "काही ठरलं तर मला एक साधा एसएमएस कर" एवढंच माग. आणि अधूनमधून भेट ठरवायचं काम तू स्वतःकडे घे. सोय आपण मोडली, तर थोडी जास्त धावपळ आपणच करायची, हे मला रास्त वाटतं.

एवढं करूनही फार एकटं वाटलं, तर परत जा. नोटिफिकेशन बंद ठेव, नकोसे ग्रुप सोड, हवा तो एक ठेव. त्यात कमीपणा कसला?

सिग्नल मी घेऊन ठेवलंय, माझा नंबर तोच आहे. पण मला लिहिण्याआधी त्या दोघा-तिघांना फोन कर.

तुझे सर