व्हिसा अडकलाय, म्हणून फ्लॅट विकून नोकरी सोडू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वय ३४, हिंजवडीत नोकरी, महिन्याला हातात १ लाख ५ हजार. नवरा मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाचा नागरिक. गेल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, तुम्ही पार्टनर व्हिसाचा, म्हणजे ३०९ क्रमांकाचा अर्ज भरला. मेडिकल झालं, पोलीस क्लिअरन्स दिला, आणि तेव्हापासून दर वेळी तेच उत्तर: सुरक्षा तपासणी चालू आहे. वारज्यातला फ्लॅट तुम्ही २०१७ साली सगळा खर्च धरून ४८ लाखांना घेतला होता. कर्ज १९ लाख बाकी, हप्ता ३१ हजार. सोसायटीतलेच एक काका ७२ लाख द्यायला तयार आहेत. दसऱ्याला टोकन, दोन महिन्यांत ताबा. नवऱ्याला तिकडे घर घ्यायला ४० लाख हवेत. तुमचा विचार असा की फ्लॅट विकावा, नोकरीचा राजीनामा द्यावा आणि व्हिसा येईपर्यंत सांगलीला सासरी राहावं. शिवाय एक एजंट दीड लाखात तपासणी ‘पुढे सरकवून’ देतो म्हणतोय.

एजंटचं आधी उरकतो. दीड लाख देऊ नका. सुरक्षा तपासणी तिकडचं गृहखातं स्वतः करत नाही. ते फाईल एएसआयओकडे, म्हणजे त्यांच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेकडे पाठवतं आणि उत्तराची वाट बघतं. तुमच्या फाईलवरच्या अधिकाऱ्यालाही तिथे घाई करता येत नाही, तर पुण्यातल्या एजंटला कुठून येणार? अर्जाच्या फीचे ९,०९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले पाच लाख, आधीच गेलेत आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. त्यावर आणखी दीड लाखांची भर कशाला?

उशीर झाला म्हणजे तुमच्यात काही खोट सापडली, असं नसतं. तुम्ही दोन वर्षं मस्कतला होतात. जास्त देशांत राहिलेल्या माणसाच्या फाईलला सहसा जास्त वेळ लागतो. फॉर्म ८० मध्ये गेल्या दहा वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, प्रवास मागतात. त्यात चार-सहा महिन्यांची फट राहिली असेल तर आत्ताच दुरुस्त करून इमिअकाउंटवर, म्हणजे गृहखात्याच्या ऑनलाइन खात्यावर, टाका. पासपोर्ट, पत्ता, नोकरी यांतलं काहीही बदललं तर लगेच कळवा. हे आपल्या हातात असलेलं काम, आणि फुकटचं.

तक्रारीचीही सोय आहे. ऑस्ट्रेलियात गुप्तचर संस्थांवर देखरेख करणारे स्वतंत्र इन्स्पेक्टर जनरल आहेत, त्यांच्याकडे तपासणीच्या उशिराबद्दल लिहिता येतं. ते निकाल बदलत नाहीत, फक्त कामात काही चुकतंय का ते पाहतात. गृहखात्याच्या कारभाराबद्दल तिथल्या ओम्बड्समनकडे जाता येतं. तुमचे यजमान मतदार आहेत, त्यांनी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कचेरीला एक पत्र लिहावं. या सगळ्याचा खर्च शून्य.

आता पैशांकडे. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही चार निर्णयांची मोट बांधली आहे: फ्लॅट, नोकरी, सांगली आणि ४० लाख. चारही एका तारखेला टांगलेत आणि ती तारीख तुमच्या हातात नाही. त्यामुळे प्रत्येक निर्णय सुटा करून एकच विचारायचं: व्हिसा उद्या आला तरी आणि आणखी वर्षभर नाही आला तरी, हे करणं परवडेल का?

नोकरीचं उत्तर सरळ आहे. आज राजीनामा दिला तर दरमहा १ लाख ५ हजारांचं नुकसान. तपासणी आणखी आठ महिने लांबली तर ८ लाख ४० हजार. तुमच्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, म्हणून आधीच सुटून मोकळं व्हावं असं वाटतंय, ते समजतं. पण व्हिसाचं पत्र आलं म्हणून आठवड्यात विमानात बसावं लागत नाही. पत्रात पहिल्या प्रवेशाची मुदत दिली असेल तर तेवढी पाळायची. पत्र आलं की राजीनामा द्या, नोटीस भरा, अनुभवपत्र आणि पीएफची कागदं नीट घेऊन निघा. तिकडे पहिली नोकरी शोधताना ‘गेलं वर्षभर काय करत होतात?’ या प्रश्नाला उत्तर लागतं, आणि सांगलीतलं उत्तर तिथे फार वजनदार ठरणार नाही. सासूबाईंचा राग नको, मी फक्त बायोडेटाबद्दल बोलतोय.

फ्लॅटचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण इथे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कायमचं तिकडे राहायचं असेल तर हा फ्लॅट ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. भाडं येणार २२ हजार, ७२ लाखांवर वर्षाला पावणेचार टक्केही नाही, आणि कर्जाला तुम्ही साडेआठ टक्के देताय. तुम्ही करासाठी अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्क्यांच्या वर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा असतो. वारज्यात असा भाडेकरू शोधून दाखवा! तेव्हा विकायचं, हे मान्य.

प्रश्न कधीचा आहे, आणि त्यात कराचा भाग मोठा आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. अनिवासीला दुसरा पर्याय नाही. तुमचं गणित करून पाहिलं. २०१७-१८ चा निर्देशांक २७२, २०२५-२६ चा ३७६. त्यामुळे ४८ लाखांची खरेदी ६६ लाख ३५ हजार धरली जाते, नफा ५ लाख ६५ हजार उरतो आणि सेससह कर होतो साधारण १ लाख १७ हजार. निर्देशांकाशिवाय नफा २४ लाख आणि कर ३ लाख १२ हजार. फरक १ लाख ९५ हजारांचा. शिवाय निवासी म्हणून विकलं तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी असताना, कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी आणलं नाही तर तो सगळ्या किमतीवरच कापून मोकळा होतो, आणि ७२ लाखांवर तो आकडा दहा लाखांच्या आसपास जातो. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून, वाट बघून. आणखी एक वाट बघणं तुम्हाला नको असेल.

यावरून तुम्ही म्हणाल, मग दसऱ्यालाच टोकन घेते. थांबा. प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही निवासी आहात की नाही हे आर्थिक वर्षातल्या दिवसांवर ठरतं, विमानात कधी बसलात यावर नाही. १ एप्रिलपासून भारतातच आहात, म्हणजे या सप्टेंबरअखेरीला निवासी ठरायला लागणारे १८२ दिवस पूर्ण होतात. पुढे नोव्हेंबरात व्हिसा आला आणि तुम्ही गेलात, तरी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या विक्रीला तुम्ही करासाठी निवासीच. सही करायला वडिलांच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवायचं, बस. व्हिसा मार्चपर्यंत आलाच नाही, तर पुढच्या वर्षीही तुम्ही इथेच असाल आणि दिवस पुन्हा मोजू. म्हणजे कराची सवलत दसऱ्याच्या मुहूर्तावर अवलंबून नाही.

मग महिन्याच्या खर्चाच्या बाजूने पाहू. आज विकलं तर कर्ज आणि कर जाऊन ५२ लाखांच्या आसपास हातात येतील. मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी कर वजा जाता महिन्याला २२-२३ हजार. कर्जाच्या व्याजाचे साडेतेरा हजार वाचले. त्यातून तसल्याच घराचं २२ हजार भाडं गेलं. म्हणजे विकून महिन्याला चौदा-पंधरा हजार सुटतात. दुसरीकडे, तुमच्या फ्लॅटची किंमत आठ वर्षांत वर्षाला साधारण पाच टक्क्यांनी वाढली आहे. ती तशीच वाढत राहिली तर महिन्याला तीस हजार, अर्थात कागदावर. एका बाजूला खात्रीचे पंधरा, दुसऱ्या बाजूला बिनखात्रीचे तीस. यातून घाई करावी किंवा थांबावं, असं काहीच ठामपणे निघत नाही. त्यामुळे ही विक्री मी राहण्याच्या सोयीवर ठरवेन. साठ दिवसांत घर रिकामं करून, डिपॉझिट आणि दलाली भरून, अकरा महिन्यांच्या करारात लॉक-इनसह अडकायचं आणि तिसऱ्या महिन्यात व्हिसा यायचा, असं झालं तर त्या पंधरा हजारांतलं काही उरत नाही.

म्हणून काकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवा. त्यांना फ्लॅट मुलासाठी हवाय, मुलाचं लग्न अजून ठरायचंय, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग ताब्याची एवढी घाई का? खरेदीखत करा, पूर्ण पैसे घ्या, कर्ज फेडा, आणि त्याच घरात त्यांच्या भाडेकरू म्हणून राहा. २२ हजार भाडं, नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार, तुमच्या बाजूने एका महिन्याच्या नोटीसची अट आणि लॉक-इन नाही. काकांना रिकामा फ्लॅट सांभाळण्याऐवजी भाडं मिळेल. तुम्हाला सामान हलवावं लागणार नाही. सध्या पितृपक्ष चालू आहे, तेही आत्ता टोकनाची घाई करणार नाहीत; दसरा २ ऑक्टोबरला आहे, तोवर एकदा चहाला जाऊन बोला. नाही म्हणाले तर ताबा एप्रिलमध्ये देण्याच्या अटीवर साठेखत मागा. तेही नको असेल तर गिऱ्हाईक सोडून द्या. वारज्यात टू-बीएचकेला दुसरं गिऱ्हाईक मिळतं.

आता ४० लाख. आत्ता, निवासी असताना पाठवलेत तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. ४० लाखांवर हे झाले ६ लाख. हा जादा कर नाही, हिशोबात परत येतो. पण तोपर्यंत सहा लाख सरकारकडे पडून राहतात. तुम्ही तिकडे कायमच्या गेलात की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, होतं आणि त्यातून वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत, कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र जोडून, पैसे नेता येतात. तिथे टीसीएस लागत नाही. त्यामुळे या वर्षी फार तर १० लाख पाठवा, बाकीचे ठेवीत ठेवा. एकच मोठी ठेव करू नका. चार-पाच तुकडे करा, म्हणजे मोडायची वेळ आली तर सगळ्या रकमेवर दंड बसणार नाही.

आणि एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण मी विचारणारच. ते घर कुणाच्या नावावर घेताय? १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात ऑस्ट्रेलियात परदेशी व्यक्तींना जुनी, बांधलेली घरं घ्यायला बंदी आहे. नागरिक जोडीदाराबरोबर संयुक्त मालकीत घेणाऱ्यांना त्यातून सूट आहे. व्हिक्टोरिया राज्यात परदेशी खरेदीदाराला ८ टक्के जादा ड्युटी लागते, तिच्यातल्या सवलतीच्या अटी वेगळ्या. यजमान म्हणतील, ‘सध्या माझ्या एकट्याच्या नावावर घेऊ, नंतर बघू.’ त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण ४० लाख तुमच्या आठ वर्षांच्या हप्त्यांतून आलेत. तिकडच्या वकिलाला दोघांनी मिळून विचारा आणि पैसे त्यानंतरच पाठवा.

वाचवलेल्या पैशांतले दोन लाख मात्र मी तुम्हाला खुशाल खर्च करायला सांगेन. व्हिजिटर व्हिसा काढा आणि रजा साठवून तीन-चार आठवडे मेलबर्नला जाऊन या. त्यांच्याकडच्या शाळांच्या सुट्टीमुळे डिसेंबरात तिकिटं महाग असतात, शक्य झालं तर फेब्रुवारी बघा. त्या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन ‘तिथून वर्क फ्रॉम होम’ असली शक्कल नको. प्रवास विमा घ्या, आणि जाता-येता इमिअकाउंटवर कळवा. एकत्र राहिल्याचे कागद अर्जालाही उपयोगी पडतील, पण मी सांगतोय ते त्यासाठी नाही. वर्षभर फोनवर चाललेल्या संसारात गणेशोत्सवाला सोसायटीतल्या प्रत्येकाने ‘कधी जाणार?’ विचारलं, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा जाऊन या.

उरलेल्या किरकोळ गोष्टी. तुमचा पोलीस क्लिअरन्स वर्षाचा होत आला, तो आणि मेडिकल बहुधा पुन्हा मागतील. खात्याने मागितला की लगेच मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, फी ५०० रुपये. ओमानचा क्लिअरन्सही लागेल, त्याला वेळ जातो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. पण नवरा नागरिक असल्याने तुम्हाला तात्पुरत्या रहिवाशांची करसवलत मिळणार नाही. तिकडे राहायला गेलात की जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागेल, त्यात इथलं करमुक्त पीपीएफचं व्याजही आलं. म्युच्युअल फंड घाबरून विकू नका. तिकडच्या करासाठी त्यांची खरेदी किंमत तुम्ही रहिवासी झाल्या दिवशीची बाजारभावाची धरतात, म्हणून त्या दिवसाचं एकत्रित स्टेटमेंट जपून ठेवा. आणि इक्विटी फंडातला वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा इथे करमुक्त आहे, तो मार्चच्या आत काढून पुन्हा गुंतवायचा का, हे तुमचं स्टेटमेंट पाठवलंत की सांगतो.