कारवानी कुत्र्याला हरीण आणि तितराच्या शिकारीसाठी तयार करता येईल का?

कृपा करून करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावर मारणं तर सोडाच, त्याच्यामागे कुत्रा सोडून ते पळवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. काळवीट आणि चिंकारा ही हरणं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत; त्यांची शिकार केली तर किमान ३ वर्षं कैद. ससा आणि तितरही संरक्षितच.

तसाही कारवानी वासापेक्षा नजरेवर पळतो. उघड्या माळावर ससा हलला की बाणासारखा सुटतो; गवतात दडलेला तितर हुडकणं हे वासावर चालणाऱ्या पॉइंटर जातीच्या कुत्र्याचं काम. या देखण्या जनावराला शिकार नको, धाव हवी. रोज पहाटे कुंपण घातलेल्या रानात मोकळं सोडा आणि हाकेसरशी परत यायची सवय पिल्लू असतानाच लावा.